रक्ताची गुठळी आणि मज्जेतील बीज

१९८३ साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातील हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मानले जाते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे डॉ. अडवाणी चाकांच्या खुर्चीवरून वावरत. अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. डोनल टॉमस यांच्याकडे त्यांनी या तंत्राचे शिक्षण घेतले होते. टॉमस यांना पुढे १९९० मध्ये याच कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

‘प्रत्यारोपण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाकू, टाके आणि तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया येते. येथे तसे काही नसते. दात्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून जाड सुईने मज्जा ओढून घेतात. ती रक्तासारखीच लाल आणि पातळ दिसते. रुग्णाला ती बाटलीतून रक्त चढवावे तशी शिरेतून देतात. तीमधील पेशी रक्ताबरोबर फिरत फिरत स्वतःच हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. प्रत्यारोपणापूर्वी तीव्र औषधे देऊन रुग्णाची जुनी मज्जा नष्ट केलेली असते. नवी मज्जा अजून कामाला लागलेली नसते. सुमारे दोन ते चार आठवडे रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. साधा जंतूही अशा वेळी जिवावर बेततो. म्हणून रुग्णाला गाळलेली हवा असलेल्या स्वतंत्र खोलीत ठेवतात आणि रोज रक्त तपासतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरमागे ५०० च्या वर गेल्या आणि सलग तीन दिवस तशा राहिल्या, की मज्जा ‘रुजली’ असे डॉक्टर म्हणतात.

हाडात जाऊन बसलेल्या त्या पेशींना ‘आता वाढायला लागा’ असे कोण सांगते? हा निरोप लवकर पोचला तर धोक्याचे दिवस कमी होतील. या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग शास्त्रज्ञांना अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. तो सापडला रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या द्रव्यांत. हा संबंध कसा जुळला ते पाहू.

सेकंदाला चोवीस लाख

प्रथम थोडे अंकगणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि रक्ताच्या दर घनमिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. एक लिटर म्हणजे १० लाख घनमिलिमीटर. म्हणजे एकूण तांबड्या पेशी झाल्या २५ लाख कोटी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेव्हा रोज एकूण संख्येचा १२० वा भाग, म्हणजे सुमारे २० हजार कोटी पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार व्हाव्या लागतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की उत्तर येते सेकंदाला सुमारे २४ लाख! २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत आणि मुलुंडपासून चर्चगेटपर्यंत जितकी माणसे, तितक्या तांबड्या पेशी आपली मज्जा पाच-सव्वापाच सेकंदांत तयार करते. पांढऱ्या पेशी आणि रक्त साकळण्यास मदत करणाऱ्या बिंबिका यांचा हिशेब वेगळाच.

या प्रचंड उत्पादनाच्या मुळाशी असतात थोड्याशा मूलपेशी. १९६१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे टिल आणि मॅक्‌कुलक या दोघांनी किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदराच्या मज्जेतील पेशी टोचल्या. सुमारे दहा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या. अशी प्रत्येक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली होती, आणि एकाच गाठीत निरनिराळ्या प्रकारच्या रक्तपेशी होत्या. एकाच बीजापासून तांबड्या, पांढऱ्या आणि इतर पेशींची फांद्यांसारखी वाढ होते, याचा हा प्रयोगसिद्ध पुरावा होता. टिल हे भौतिकशास्त्राचे आणि मॅक्‌कुलक वैद्यकाचे, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गंमत अशी, की अस्सल मूलपेशी स्वतः फार काम करीत नाहीत. मज्जेतील दहा हजार पेशींमागे अशी एखादी असते, आणि ती बहुतेक वेळ झोपलेली असते. उंदरातील काही मूलपेशी तर कित्येक महिन्यांतून एकदाच विभागतात. रोजचे उत्पादन त्यांच्या लेकी-नातींच्या, म्हणजे त्यांच्यापासून निघालेल्या पुढच्या पेशींच्या जोरावर चालते. याचे कारण समजण्यासारखे आहे. पेशी जितक्या वेळा विभागते तितक्या वेळा तिच्या जनुकांच्या नकला काढाव्या लागतात आणि नक्कल काढताना चुका होतात. म्हणून शेतकरी जसे पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे राखून ठेवतो, तसे शरीरही हे बियाणे राखून ठेवते.

परंतु मोठा रक्तस्राव झाला किंवा औषधांनी मज्जा होरपळली, तर राखीव बियाणे बाहेर काढावेच लागते.

बीज आणि जमीन

बीज चांगले असून भागत नाही, जमीनही चांगली लागते. मज्जेच्या बाबतीत हे दोन जातींच्या उंदरांनी दाखवून दिले. दोन्ही जातींना जन्मतः पंडुरोग होता, म्हणजे रक्त कमी होते. पहिल्या जातीच्या उंदरांना निरोगी उंदराची मज्जा दिली की ते बरे होत. दुसऱ्या जातीचे उंदीर मात्र निरोगी मज्जा देऊनही बरे होत नसत. उलट, त्यांची स्वतःची मज्जा पहिल्या जातीच्या उंदरांना दिली की ते पहिले उंदीर बरे होत!

येथे क्षणभर थांबा आणि स्वतः विचार करा. पहिल्या जातीत दोष कोठे होता? दुसऱ्या जातीत कोठे होता?

पहिल्या जातीचे बीजच सदोष होते. दुसऱ्या जातीचे बीज उत्तम होते, पण जमीन नापीक होती. पुढे १९८८ ते १९९० या काळात या दोन्ही दोषांमागचे रेणू सापडले. मूलपेशीच्या पृष्ठभागावर ‘किट’ नावाचा एक ग्राही रेणू असतो. पहिल्या उंदरांत तो बिघडलेला होता. मज्जेतील आधारपेशी त्या ग्राहीत बरोबर बसणारा दुसरा रेणू तयार करतात. याला आपण ‘किटचा जोडीदार’ म्हणू. दुसऱ्या उंदरांत हा जोडीदार बिघडलेला होता. कुलूप आणि किल्ली यांसारखी ही जोडी आहे. किल्ली कुलपात बसली की मूलपेशीला जगण्याचा आणि वाढण्याचा संदेश मिळतो.

आधारपेशींनी मूलपेशीसाठी जी जागा राखलेली असते तिला १९७८ मध्ये स्कोफिल्ड या शास्त्रज्ञाने ‘कोनाडा’ अशा अर्थाचे नाव दिले. देवळीत पणती ठेवावी तशी मूलपेशी या कोनाड्यात असते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे, किटचा जोडीदार प्रथम आधारपेशीच्या पृष्ठभागाला बांधलेला असतो. बंदराला दोराने बांधलेल्या होडीसारखा. दोर कापला तरच तो सुटून मज्जेत फिरू शकतो आणि अधिक पेशींपर्यंत पोचतो. मग हा दोर कोण कापते?

गुठळी बांधणारे आणि सोडणारे

आता वेगळ्याच वाटेने जाऊ. बोट कापले की थोड्या वेळात रक्त साकळते. रक्तात विरघळलेले फायब्रिनोजेन हे प्रथिन थ्रॉम्बिन नावाच्या विकरामुळे फायब्रिनच्या धाग्यांत बदलते. (विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.) या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि त्यात रक्तपेशी अडकतात. हीच गुठळी.

जखम भरून आली की गुठळी दूर करावी लागते, नाहीतर रक्तवाहिनी तुंबेल. हे काम प्लाझ्मिन नावाचे विकर करते. ते प्रथिनांचे धागे कात्रीसारखे कापते. अशी कात्री रक्तात नेहमीच उघडी फिरत राहिली तर नको ते कापले जाईल. म्हणून यकृत ती मिटलेल्या स्थितीत तयार करते. या मिटलेल्या रूपाला प्लाझ्मिनोजेन म्हणतात. ती उघडणारे चालक रेणू वेगळे असतात. त्यांतील एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघतो. त्याला टी-पीए म्हणतात. दुसरा युरोकायनेज, तो प्रथम मूत्रात सापडला म्हणून त्याला हे नाव पडले. तिसरा स्ट्रेप्टोकायनेज. हा आपल्या शरीराचा नव्हे, तर जीवाणूंचा. १९३३ मध्ये अमेरिकेत टिलेट यांनी तो शोधला. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गिरीश साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकायनेज देशात तयार करण्याचे तंत्र विकसित केले. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवण्यासाठी हे औषध दिले जाते. टी-पीएला अमेरिकेत हृदयविकारावरील औषध म्हणून १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

प्रमाणे पाहिली तर निसर्गाची युक्ती ध्यानात येते. रक्तात प्लाझ्मिनोजेन लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम असते. टी-पीए मात्र लिटरला अवघे ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे वजनाने चाळीस हजारावा भाग! विजेच्या रिलेत अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू होतो, तसाच हा प्रकार आहे. आणि रिलेला जसे बंद करण्याचे बटन हवे, तसे येथेही आहे. पीएआय-१ नावाचे प्रथिन टी-पीएला आणि युरोकायनेजला अडवते, तर अँटिप्लाझ्मिन नावाचे प्रथिन उघडलेल्या कात्रीलाच निकामी करते. शिवाय टी-पीए फायब्रिनच्या धाग्याला चिकटल्यावरच जोमाने काम करतो. त्यामुळे जेथे गुठळी, तेथेच कात्री उघडते.

दोन वाटा एकत्र येतात

२००२ साली न्यूयॉर्कमधील रफी, हात्तोरी, हायसिग आदी शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की किटच्या जोडीदाराचा दोर सोडवण्यासाठी एमएमपी-९ नावाचे एक विकर लागते. हेही प्रथिने कापणारेच. आणि हेही मिटलेल्या रूपात तयार होते. मग ते कोण उघडते?

बेआटे हायसिग आणि कोइची हात्तोरी यांनी पुढे टोकियो विद्यापीठात हा धागा धरला आणि २००७ मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्लाझ्मिनोजेनचे जनुक काढून टाकलेले उंदीर घेतले. असे उंदीर जन्मतात आणि वाढतात. त्यांना आणि साध्या उंदरांना फ्लुओरोयुरॅसिल हे कर्करोगावरील औषध दिले. हे औषध विभागत असलेल्या पेशींना मारते. झोपलेल्या मूलपेशी मात्र वाचतात. म्हणजे शेतातले उभे पीक जळाले, पण बियाणे शिल्लक राहिले. आता बियाणे जागे होते की नाही, एवढेच पाहायचे.

साध्या उंदरांच्या मूलपेशी जाग्या झाल्या, विभागू लागल्या आणि त्यांचे रक्त पूर्ववत झाले. प्लाझ्मिनोजेन नसलेल्या उंदरांच्या मूलपेशी विभाजनाच्या चक्रात शिरल्याच नाहीत आणि ते उंदीर मेले.

मग उलट बाजूने प्रयोग केला. उंदरांना टी-पीए टोचले, म्हणजे कात्री मुद्दाम उघडली. तेव्हा आधारपेशींवरून किटचा जोडीदार अधिक प्रमाणात सुटू लागला आणि मज्जेतील पेशी वाढू लागल्या. साखळी अशी जुळली: टी-पीए प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन करतो, प्लाझ्मिनमुळे एमएमपी-९ सारखी विकरे कार्यशील होतात, ती किटच्या जोडीदाराचा दोर कापतात, सुटलेला जोडीदार मूलपेशीच्या किटवर बसतो, आणि मूलपेशी जागी होते.

येथे एक शंका निघते. प्लाझ्मिनोजेन नसेल तर मज्जेत गुठळ्या साचत असतील आणि केवळ त्या अडथळ्यामुळे वाढ थांबत असेल, असे का म्हणू नये? शंका रास्त आहे. २००८ मध्ये बेल्जियममधील एका गटाने नेमका हाच प्रश्न तपासला. मज्जा पुन्हा उभी करण्याचे प्लाझ्मिनचे काम गुठळी विरघळवण्याच्या कामापासून वेगळे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे ही एकच कात्री दोन ठिकाणी दोन कामे करते.

निसर्गाने ही योजना का केली असावी? जखम होते तेव्हाच गुठळी बनते आणि तेव्हाच नव्या रक्ताची गरज पडते. तेव्हा जखम सावरणारी यंत्रणाच मज्जेलाही हाक देते, यात सोय आहे, असा तर्क करता येतो. तर्क आणि प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट यांतील फरक मात्र विद्यार्थ्यांनी नेहमी लक्षात ठेवावा.

मग रुग्णाला टी-पीए का देत नाहीत?

प्रत्यारोपणानंतरच्या त्या बिकट आठवड्यांत टी-पीए टोचले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण त्या काळात रुग्णाच्या रक्तात बिंबिकाही फार थोड्या असतात. आधीच हिरड्यांतून, नाकातून रक्त येण्याची भीती असते. त्यात गुठळी विरघळवणारे औषध दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. शिवाय उंदरात दिसलेली प्रत्येक गोष्ट माणसात तशीच घडते असे नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी आडवाट धरली. कात्री उघडणारा रेणू बाहेरून टोचण्याऐवजी, त्याला अडवणाऱ्या पीएआय-१ लाच थोडे आवरले तर? २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी अशा एका लहान रेणूमुळे उंदरांची मज्जा अधिक लवकर आणि टिकाऊपणे पुन्हा उभी राहते असे दाखवले. त्याच संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की पीएआय-१ मूलपेशीच्या आतही असते आणि तिला कोनाड्यात धरून ठेवण्यास मदत करते. या वर्गातील औषधांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर जपानमध्ये चाचण्याही झाल्या आहेत. प्रत्यारोपणानंतर रुग्णांना सर्रास दिले जाणारे औषध मात्र यातून अद्याप निघालेले नाही. आज पांढऱ्या पेशींची वाढ होण्यासाठी मुख्यतः जी-सीएसएफ हे प्रथिन टोचतात. दात्यालाही चार-पाच दिवस तेच टोचले की मूलपेशी कोनाडे सोडून रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतूनच त्या गोळा करता येतात.

करून पाहा

प्रथिने कापणारी विकरे शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहता येतात. साखर न घातलेले जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून दोन वाट्यांत ओता. कोमट झाल्यावर एका वाटीत ताज्या अननसाचे तुकडे टाका, दुसरीत तेच तुकडे दहा मिनिटे उकळून मग टाका. दोन्ही वाट्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. उकळलेल्या अननसाच्या वाटीतील जिलेटिन घट्ट होईल. ताज्या अननसाच्या वाटीतील होणार नाही. जिलेटिन हे प्रथिन आहे आणि ताज्या अननसातील विकर त्याचे धागे कापते. उकळल्याने ते विकर निकामी होते. जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरू नका. ते प्रथिन नसल्यामुळे प्रयोग फसेल. का फसेल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

आपल्या उपनगरातला प्रश्न

हा विषय मुंबईच्या उपनगरांना दूरचा नाही. बोरिवली पूर्वेला मुंबई महानगरपालिकेचे थॅलॅसेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. थॅलॅसेमियाच्या तीव्र प्रकारात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्यातून साठणारे लोह काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात. मज्जा प्रत्यारोपणाने हा आजार मुळातून बरा होऊ शकतो. परंतु त्यासाठी जुळणारा दाता हवा.

सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. कारण आई आणि वडील प्रत्येकी आपल्या दोन जनुकसंचांपैकी एकच अपत्याला देतात, आणि दोन्हीकडून तेच संच येण्याची शक्यता १/२ गुणिले १/२. दोन भावंडे असतील तर? एकही न जुळण्याची शक्यता ३/४ गुणिले ३/४, म्हणजे ९/१६. तेव्हा निदान एकाची जुळण्याची शक्यता ७/१६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. म्हणूनच अनोळखी स्वेच्छा दात्यांच्या नोंदणीला महत्त्व आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर अशी नोंदणी करता येते.

त्याहून सोपा उपाय आणखी आधीचा आहे. भारतात शंभरात सरासरी तीन-चार व्यक्ती थॅलॅसेमियाच्या वाहक असतात. मुलुंड-घाटकोपरकडे मोठ्या संख्येने राहणाऱ्या सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते, म्हणून तिला काही कळत नाही. दोघेही वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता पुन्हा चारात एक. हिमोग्लोबिन ए-२ या एका रक्तचाचणीने वाहक ओळखता येतो. ही चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते. महाविद्यालयात प्रवेश घेण्याच्या वयात ती करून घेतली आणि निकालाचा कागद जपून ठेवला, तर पुढे एखाद्या बाळाचा सुईशी जडणारा आयुष्यभराचा संबंध टळू शकतो. वर्गात हा लेख वाचून झाल्यावर शिक्षकांनी वरची दोन्ही गणिते फळ्यावर सोडवून घ्यावीत आणि ही चाचणी जवळपास कोठे होते, याची चौकशी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी.